औषध शिल्लक होतं

आमच्या गावात कुणी डोकं फुटून मेलं की दोष द्यायला मोटरसायकल तयारच असते. रस्ता खराब होता, पोरगा प्यायलेला होता, डोक्यावर हेल्मेट नव्हतं. झालं, विषय मिटला. दवाखान्यात आणल्यावर आत त्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. मी त्या आतल्याच खोलीत निम्मं आयुष्य काढलं आहे. मी कासिल्दा, ऑपरेशन थिएटरमधली नर्स. मला विचाराल तर कितीतरी वेळा मोटरसायकल बिचारी निर्दोष असते. पण चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आम्हाला जुनी खोड आहे, आणि हे सांगताना आजही माझं डोकं तापलेलं आहे.

हे बघायला मला शिकवलं डॉक्टर फियोर्दालिसा एन्कार्नासिओन यांनी. आमच्या सरकारी दवाखान्यात त्या भूल द्यायच्या. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या बाळंतिणी दचकाव्यात. आवाज आईच्या धंद्यातून आला. आई नाक्यावर कढई मांडून केळ्याचे काप आणि सलामी सॉसेजच्या चकत्या तळायची, आणि शाळा सुटली की ही पोर बाजूला उभी राहून गिऱ्हाइकं बोलवायची. चालत्या ट्रकमधल्या ड्रायव्हरला ऐकू जाईल असं ओरडायचं, ही तिची पहिली शाळा. मग राजधानीत, सांतो दोमिंगोत, मावशीच्या घरी जमिनीवर झोपून ती डॉक्टर झाली.

राजधानीत राहिल्या असत्या तर आज बंगला असता. तिथे परदेशी बायका विमानाने येतात, नाकं सरळ करून घेतात, पोटं कापून घेतात आणि परत जातात. अशा एका चकचकीत दवाखान्यात त्या कामाला होत्या, आणि सोडून आल्या. मी एकदा विचारलं, "परत कशाला आलात हो?"

"तिथे कुणी मरत नाही, कासिल्दा. मग मी चिडायचं कुणावर?"

नवरा न्यूयॉर्कला किराणा दुकानात नोकरीला गेला. आधी दर नाताळला यायचा, मग एका नाताळला त्याच्या ऐवजी त्याचा पत्ता बदलल्याची बातमी आली. त्यावर बाई फारसं बोलल्या नाहीत. त्यांचा सगळा राग दवाखान्यासाठी राखून ठेवलेला होता. स्कूटरवरून यायच्या, डोक्यावर हेल्मेट घालून. आमच्याकडे हेल्मेट घालणारा म्हणजे तोंड लपवणारा, आणि तोंड लपवणारा म्हणजे लुटारू. पोरं मागे धावायची, "चोर आला, चोर आला!" बाई स्कूटर थांबवून त्या पोरांच्या आयांचा उद्धार करायच्या आणि मग कामावर यायच्या.

आता भूल देणं म्हणजे काय, ते सांगते. लोकांना वाटतं, ऑपरेशन म्हणजे चाकू. चाकूच्या आधी एक क्षण असतो, माणसाला झोपवायचा. धडधाकट माणसाला कशानेही झोपवा, उठतो. पण ज्याचं डोकं फुटलं आहे आणि अंगातलं रक्तही वाहून गेलं आहे, तो भिंतीला टेकून कसाबसा उभा असल्यासारखा असतो. त्याला झोपवायचं कशाने, यावर सगळं अवलंबून. एक औषध पांढरं, प्रोपोफोल. आमच्याकडे सगळे त्याला दूधच म्हणतात. झोप छान लागते, पण बीपी पडतं. दुसरं केटामाइन. ते बीपी धरून ठेवतं. जनावरांचे डॉक्टरही ते वापरतात, म्हणून गावात त्याचं नाव घोड्याचं औषध. आणखी एक मधलं औषध असतं म्हणे, ते आमच्या दवाखान्यात मी फक्त नावाने ऐकलं आहे.

बाई म्हणायच्या, "मार लागलेला मेंदू सर्जनची वाट बघतो, कासिल्दा. रक्त पोचलं नाही तर मात्र वाट बघत नाही. थोडा वेळ जरी बीपी तळाला गेलं, तरी आपण त्याला दुसऱ्यांदा मारलं."

आणि नेमकं तेच आम्ही करत होतो. कारण शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉक्टर पेर्सियो लुगो. त्यांच्या गुरूंनी त्यांना शिकवलं होतं की केटामाइनने कवटीतला दाब वाढतो, म्हणून डोक्याला केटामाइन नाही. गुरूंना त्यांच्या गुरूंनी शिकवलं असेल. बाईंनी त्यांना नवं संशोधन आणून दाखवलं, की ही भीती जुन्या, थोड्याशा रुग्णांवरून पसरलेली आहे, श्वास नीट दिला तर तसं होत नाही. पेर्सियोंनी त्या कागदांवर कॉफीचा कप ठेवला आणि म्हणाले, "छान आहे, मुली." मुली! बाईंच्या केसात तेव्हा पांढरं दिसायला लागलं होतं.

त्यात केटामाइनच्या बाटल्या कुणीतरी नशेसाठी पार्टीवाल्यांना विकल्या, तेव्हापासून त्या औषधाच्या कपाटाची किल्ली पेर्सियोंच्या पट्ट्याला गेली. मग काय, डोक्याची केस आली की दूध. बीपी धाडकन खाली. बाई सलाइन दाबतायत, औषधं ओततायत, शिव्या देतायत, बीपी हळूहळू वर येतंय. पेर्सियो कवटी उघडणार, सुंदर हात चालवणार. हात त्यांचा सोन्याचा, हे मला मान्य करायलाच हवं. दोन-तीन दिवसांनी वॉर्डात माणूस दगावणार, आणि पेर्सियो नातेवाइकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार, "हेल्मेट घालायला हवं होतं हो." मी ते ऐकत ट्रे घासत असे. ट्रेला चरे पडायचे.

मग वांदी आला.

वांदी मोटरसायकलवर माणसं ने-आण करायचा. आमच्या गावात हाच मोठा धंदा. प्रत्येक चौकात त्यांचा अड्डा, अंगात नारिंगी जॅकेट, आणि एक पडला की अख्खा अड्डा दवाखान्यात. अँब्युलन्सची वाट कोण बघतो? दोघांच्या मध्ये जखमी माणूस बसवायचा, पट्ट्याने बांधायचा आणि आणायचा. वांदीलाही तसाच आणला. एका ट्रकने उडवलं होतं. अंगाला बेरोनचा भपकारा. आमच्याकडे कसल्याही दुखण्यावर चोळतात ते पाल्याचं स्पिरिट. कानातून रक्त, पोट फुगत चाललेलं, अंग थंड, नाडी धावतेय आणि बोटाला लागत नाही.

बाईंनी पोटावर हात ठेवला. "पाणथरी फुटलीय, पोटात रक्त साठतंय. डोकं आणि पोट दोन्ही. डॉक्टर, किल्ली द्या."

पेर्सियो हात धूत होते. "दूध दे."

"दूध दिलं तर याचं हृदय माझ्या हातात थांबेल."

"मुली, डोक्याला केटामाइन नाही. हा माणूस आहे, घोडा नाही."

"घोडा असता तर बरं झालं असतं. जनावरांच्या डॉक्टरने आत्तापर्यंत दिलं असतं."

मला हसू फुटलं आणि मीच घाबरले. पेर्सियो वळले. "वेळ जातोय. भूल दे, नाहीतर तो मरेल."

बाईंनी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, पण असं कधी बघितलं नव्हतं. "तुम्ही म्हणता तसं केलं तरी मरेल. फक्त मग माझ्या हातून मरेल. मी देत नाही."

आणि त्या तरातरा बाहेर गेल्या. बाहेरचा बोळ नारिंगी जॅकेटांनी भरलेला. बाईंनी कढईवरचा आवाज काढला. "अरे, ऐका! तुमच्या पोराला दूध दिलं तर मरेल! वाचवायचं ते घोड्याचं औषध कपाटात आहे! कपाटाला कुलूप आहे! कुलपाची किल्ली त्या डॉक्टरच्या पट्ट्याला आहे! तो देत नाही!"

गाव करील ते राव काय करील. कुणी हात उचलला नाही, कुणी शिवीही दिली नाही. सगळे नुसते दारात येऊन उभे राहिले. पुढे म्हातारा मोन होता, अड्डा सुरू करणारा माणूस. तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, किल्ली." एवढंच. पेर्सियोंनी पट्ट्यावरची किल्ली काढून माझ्या हातात टाकली. विज्ञानाने जे इतक्या वर्षांत झालं नव्हतं ते घामाच्या वासाने झालं.

बाईंनी केटामाइन दिलं, तेही पूर्ण मापाने नाही, बेताने. एक डोळा मॉनिटरवर, एक बोट मनगटावर. बीपी हललं नाही. पाणथरी काढली, रक्त चढवलं, डोक्यातली रक्ताची गाठ छोटी होती, तीही निघाली. वांदी जगला. महिन्याभरात तो अड्ड्यावर बसून टाके दाखवत होता.

अड्ड्याने बाईंना केळ्याचा घड आणि एक जिवंत कोंबडा आणून दिला. पेर्सियोंनी अपमान गिळला आणि किल्ली बाईंकडेच राहू दिली. मी तर हवेत होते. पण बाई कोंबड्याकडे बघत बसल्या. म्हणाल्या, "कासिल्दा, मी चूक करून बसले."

"कसली चूक? पोरगा वाचला की!"

"मी त्यांना औषधाचं नाव ओरडून सांगितलं. का ते नाही सांगितलं."

मला तेव्हा ते कळलं नाही. मला वाटलं, या बाईला सुखाने जिंकताही येत नाही.

कळायला वेळ लागला नाही. घोड्याच्या औषधाची गावभर कीर्ती झाली. पोराचा हात मोडला, "घोड्याचं द्या." कुणा बाईचं पित्ताशय काढायचं, "वांदीला दिलं ते द्या." बाजारात एकीने मला विचारलं, ते जपून ठेवायला थोडं मिळेल का, घरात असलेलं बरं. बाई प्रत्येकावर ओरडायच्या, "अरे, औषध म्हणजे काय देव आहे का, एक नवसाला पावला म्हणून सगळ्यांनी त्यालाच मेणबत्ती लावायची?" लोक हसायचे. बाईंचं ओरडणं त्यांना आता आवडायला लागलं होतं.

आणि मग एक दिवस दुपार कलल्यावर त्यांनी मोनला आणलं.

तो म्हातारा मोन, किल्ली मागणारा. सकाळी गतिरोधकावर गाडी उडाली आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. उठला, हसला, कपडे झटकले. आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं की डोक्याला मार लागलेल्याला झोपू द्यायचं नाही. झोपला की मेला. त्यामुळे अड्ड्याने त्याला जागवलं. सावलीत खुर्चीवर बसवला, कपाळाला बेरोन चोळलं, डोमिनो मांडले, गाणी म्हटली. बायको नेरेइदा घरून कॉफीची किटली घेऊन आली. तो म्हणत होता, जरा पडू द्या रे, डोकं जड झालंय. हे त्याला टाळ्या वाजवून उठवत होते. वांदीने त्याची मान धरून ठेवली होती. इतकं प्रेम, आणि दवाखाना हाकेच्या अंतरावर! दुपारी त्याला उलटी झाली, बोलणं बोबडं झालं, मग त्यांनी आणला.

एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली. बीपी आभाळाला टेकलेलं. त्यात मोन जुना हृदयरोगी, छातीत दुखलं म्हणून आमच्याकडेच राहून गेलेला. बाईंनी सगळं पाहिलं, किल्ली काढली, क्षणभर हातात धरली आणि पुन्हा खिशात टाकली.

दारात वांदी होता. डोक्यावरचे केस अजून नीट उगवले नव्हते. "डॉक्टरबाई, घोड्याचं देताय ना?"

"नाही."

"का नाही? मला दिलं होतं."

"तुझं बीपी तळाला गेलं होतं. याचं वर चढलंय. घोड्याचं दिलं तर आणखी चढेल, हृदयही झेपायचं नाही. याला हळूहळू, थेंबाथेंबाने झोपवायचं आहे. बाजूला हो."

"दूध देणार? दुधाने मेलेली माणसं आम्ही बघितलीयत. तुम्हीच सांगितलंत, दूध वाईट."

"दूध वाईट असं मी म्हटलं नव्हतं, गाढवा. तुझ्यासाठी वाईट म्हटलं होतं!"

"आम्ही गरीब म्हणून? त्या दिवशी तुम्ही आमच्या होतात, डॉक्टरबाई."

पेर्सियो मागे भिंतीला टेकून उभे होते. हसत म्हणाले, "दे ना लोकांना हवं ते, मुली. तूच तर शिकवलंस त्यांना." तेव्हा माझ्या हातात कात्री नव्हती, हे त्यांचं नशीब की माझं, देव जाणे.

बाईंनी वांदीला छातीवर हात लावून बाहेर ढकललं आणि मला दार लावायला सांगितलं. मग इतक्या हलक्या हाताने भूल दिली की मी तशी कधी बघितली नव्हती. आधी दुखणं बोथट करणारं औषध, मग दूध, थांबून थांबून, बीपी पडायला लागलं तर सावरायचं इंजेक्शन डाव्या हाताशी तयार. बीपी चढलं नाही, कोसळलंही नाही. पेर्सियोंनी कवटी उघडली, भली मोठी रक्ताची गाठ काढली. पण तिच्याखालचा मेंदू सकाळपासून दाबलेला होता. गाठ काढली तरी तो नीट फुलला नाही. पेर्सियोंनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी त्यांच्याकडे. त्या एका क्षणी दोघांचं एकमत होतं.

मोन शुद्धीवर आलाच नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

फाटकासमोर टायर पेटले. सगळ्या चौकांतले अड्डे आले. "दूधवाली! दूधवाली!" ज्यांनी कोंबडा आणला होता तेच. कुणी म्हणालं पेर्सियोने तिला फितवलं, कुणी म्हणालं तिने औषध श्रीमंतांसाठी राखून ठेवलंय. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, दुसरं काय. मला त्यांचा संताप आला, पण खरं सांगू, मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं ते. सकाळभर ज्यांनी त्याला जागवलं होतं त्यांना आतून काहीतरी कुरतडत होतं, आणि ते कुणाच्या तरी अंगावर फेकल्याशिवाय त्यांना घास गिळवत नव्हता.

पेर्सियो बाईंच्या खोलीत आले. दार लावलं. मी तिथेच होते, मला त्यांनी खुर्चीइतकंच मोजलं. म्हणाले, "सोपं आहे. औषध संपलं होतं म्हण."

बाईंनी मान वर केली.

"अगं, आपल्याकडे काय संपत नाही? हातमोजे संपतात, रक्त संपतं, लिफ्टची वीज संपते. कोण शंका घेईल? लोक सरकारला शिव्या देतील, सरकारला सवय आहे. टायर विझतील, तू घरी जाशील. मीही सांगेन, संपलंच होतं."

"शिल्लक होतं. किल्ली माझ्या खिशात होती."

"ते तुला, मला आणि हिला माहीत."

"मी बरोबर होते, डॉक्टर. संपलं म्हटलं की त्याचा अर्थ, असतं तर दिलं असतं. नसतं दिलं!"

"मग सीमेवरच्या गावी बदली घे," पेर्सियो थंडपणे म्हणाले. "तिथे बरोबर राहा." आणि गेले.

मीही हात जोडले. लाज वाटते, पण जोडले. "बाई, म्हणा ना एकदा. एवढं खोटं तर आपण रोज ऐकतो." बाई माझ्यावर अशा कडाडल्या की टेबलावरचा पेला हलला. "तू सुद्धा? दवाखान्यात आता फक्त खरं तेवढंच उरलंय, कासिल्दा. तेही संपवायचं?"

तेवढ्यात नेरेइदा आली. काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल, बरोबर कुणी नाही. फाटकावरच्यांनी तिला वाट दिली होती. ती बसली नाही.

"डॉक्टरबाई, मला एकच विचारायचंय. ते औषध त्या दिवशी होतं का?"

मी तिच्या मागून मान हलवत होते, नाही म्हणा, नाही म्हणा.

"होतं," बाई म्हणाल्या. "मी दिलं नाही. तुमच्या नवऱ्याला त्याने अपाय झाला असता. आज पुन्हा आणलंत तरी मी देणार नाही."

नेरेइदाने ते ऐकून घेतलं. ओरडली नाही. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आणि सकाळी आणलं असतं तर?"

मला वाटलं, निदान इथे तरी बाई खोटं बोलतील. एवढी दया तर दगडालाही येते.

"सकाळी आणलं असतं तर बहुतेक वाचले असते."

"तो म्हणत होता, पडू दे. मी तोंडावर पाणी मारत होते त्याच्या." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारहाटाचं सांगावं तसा. "कॉफीत साखर जास्त घातली, तरतरी यावी म्हणून."

"तुम्हाला माहीत नव्हतं, नेरेइदाबाई."

"तुम्हाला तर माहीत होतं ना?" आता तिने मान वर केली. "औषधाचं तेवढं ओरडून सांगितलंत सगळ्या गावाला. हे का नाही ओरडलात कधी?"

नेरेइदा वळली आणि जिना उतरून गेली. आम्ही दोघी खिडकीशी गेलो.

फाटकावर गलका थांबला. वांदी पुढे आला. "काय म्हणाली डॉक्टरबाई?"

नेरेइदाने सगळ्यांकडे पाहिलं. वांदीकडे पाहिलं, ज्याने सकाळभर तिच्या नवऱ्याची मान धरून ठेवली होती. ती म्हणाली, "औषध संपलं होतं."

एक मोठा सुस्कारा सुटला. मी वरून ऐकला. मग शिव्या सुरू झाल्या, पण आता त्या सरकारला होत्या, मंत्र्यांना होत्या, राजधानीला होत्या. कुणीतरी टायरवर पाणी ओतलं. एकजण तर आमच्या खिडकीकडे बघून छातीला हात लावून ओरडला, "माफ करा, डॉक्टरबाई!"

बाई धावत खाली गेल्या. मी मागे. "खोटं आहे!" त्यांनी आवाज लावला. "संपलं नव्हतं! होतं! माझ्या खिशात किल्ली होती!" पण गाड्या चालू झाल्या होत्या, आणि जे ऐकत होते ते मान डोलवत होते, कीव आल्यासारखे. बिचारी, किती लावून घेतलंय मनाला. नेरेइदा मागे न बघता कुणाच्या तरी गाडीवर बसून गेली.

बाईंनी वांदीच्या गाडीचं हँडल दोन्ही हातांनी धरलं. "तू तरी ऐक. डोक्याला मार लागला की जागवायचं नाही, कॉफी नाही, बेरोन नाही. उचलायचं आणि लगेच इथे आणायचं. त्याच क्षणी! कळलं? सगळ्या अड्ड्यांना सांग!"

वांदीने त्यांचे हात हळूच हँडलवरून सोडवले. तो चिडलेला नव्हता, उलट फार मायेने बोलला.

"आणून करायचं काय, डॉक्टरबाई? तुमच्याकडे तर औषधच शिल्लक नसतं."

आणि त्याने किक मारली.